दीड गुंठा, साठ दिवस आणि निळी रेषा: घरबांधणीला वेग देणारे कायदे कोल्हापुरात कुठे अडतात?

कोल्हापुरात घर बांधायचा विषय निघाला की चारचौघांत कुणीतरी हमखास सांगतो, “दीड गुंठ्यापर्यंत आता परवानगीच लागत नाही, सरळ पाया काढायचा.” दुसरा त्याच्यावर कडी करतो, “आणि अर्ज दिला की साठ दिवसांत आपोआप मंजूर. कायदाच आहे तसा.” दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघांचं ऐकून पाया काढला तर पंचाईत होईल. नवी घरं लवकर आणि जास्त संख्येने उभी राहावीत म्हणून राज्य सरकारने गेल्या काही वर्षांत कायदे आणि नियम बरेच सैल केले आहेत. ते नेमके काय आहेत, कुणाला लागू होतात आणि आपल्या शहरात कुठे जाऊन अडतात, हे जरा निवांत बघू.

घराला लागणारा वेळ दोन हिश्श्यांत जातो. एक कागदांचा, दुसरा विटा-सिमेंटचा. गवंडी किती दिवसांत भिंत चढवतो, सेंट्रिंगवाला कधी उगवतो, मृगात स्लॅबचं काम थांबतं का, यात विधानसभा काही करू शकत नाही. कायदा हात घालतो तो कागदांच्या हिश्श्याला. त्यातही पुन्हा दोन कागद आहेत: परवान्याचा आणि जमिनीचा. परवान्याचा कागद सरकारने खरोखरच हलका केला आहे. जमिनीचा होता तिथेच आहे. माझ्या मते कोल्हापूरचं दुखणं या दुसऱ्या कागदात आहे, आणि म्हणूनच वरून एवढ्या सवलती येऊनही माणूस हातात फाईल घेऊन फिरताना दिसतो.

सगळ्याच्या मुळाशी आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. नगररचना विभागात त्याला नुसतं ‘एमआरटीपी’ म्हणतात. शहराची विकास योजना कशी करायची, शाळा-बागेसाठी आरक्षण कसं टाकायचं, बांधकामाला परवाना कुणी द्यायचा, बेकायदा बांधकामाला नोटीस कशी काढायची, हे त्यात आहे. पण घरासमोर किती जागा सोडायची, जिना किती रुंद ठेवायचा, गाड्या कुठे लावायच्या, हे तपशील कायद्यात नसतात, ते विकास नियंत्रण नियमावलीत असतात. ही नियमावली पूर्वी जवळपास प्रत्येक शहराची वेगळी होती. एका शहरात बाल्कनी हिशोबात धरायची, शेजारच्या शहरात नाही, असला प्रकार. २ डिसेंबर २०२० रोजी सरकारने सगळ्या राज्यासाठी एकच नियमावली मंजूर केली. बोलण्यात तिला ‘युडीसीपीआर’ किंवा ‘युनिफाइड डीसीआर’ म्हणतात. मुंबई महापालिका, एमआयडीसी, गिरिस्थान नगरपरिषदा अशी काही ठिकाणं तिच्यातून वगळली आहेत, म्हणजे आपला पन्हाळा तिच्यात बसत नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर मात्र आता एकाच पुस्तकावर चालतात.

तर आता त्या दीड गुंठ्याकडे येऊ.

पावती हाच परवाना

नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचं साधं घर ‘कमी जोखमीचं’ धरलं आहे. १५० चौरस मीटर म्हणजे सुमारे १,६१४ चौरस फूट, आपल्या भाषेत दीड गुंठ्याच्या आसपास. अशा भूखंडावर परवान्याची वाट बघत बसायची गरज नाही. परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून नियमात बसणारा नकाशा करून घ्यायचा, मालकीचे कागद जोडायचे, विकास शुल्क भरायचं. ते भरल्याची पावती हाच परवाना. १५० ते ३०० चौरस मीटर, म्हणजे साधारण तीन गुंठ्यांपर्यंत असेल तर दहा दिवसांत परवाना द्यायचा, अशी तरतूद आहे.

‘परवानगी लागत नाही’ आणि ‘पावती हीच परवानगी’ यांतला फरक बारीक वाटतो, पण सगळी गोम तिथेच आहे. समजा पाचगावच्या बाजूला तुमचा मंजूर रेखांकनातला, म्हणजे ले-आउटमधला, ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे. १,५०० चौरस फूट, म्हणजे १३९ चौरस मीटर. तुम्ही बसता पहिल्या गटात. पण नकाशा लागणारच. समोर, मागे, बाजूला जी मोकळी जागा सोडायची (तिला कचेरीच्या भाषेत सामासिक अंतर म्हणतात), ती सोडावीच लागणार. शुल्क भरावंच लागणार. पूर्वी नकाशा तपासण्याची जबाबदारी कचेरीतल्या अभियंत्याची होती, आता ती तुमच्या इंजिनिअरच्या सहीवर आली. त्याने लिहून द्यायचं की सगळं नियमात आहे. उद्या कुणाच्या तक्रारीवरून मोजणी झाली आणि बाजूचं अंतर कमी भरलं, तर पावती दाखवून सुटका होत नाही. बांधकाम अनधिकृतच ठरतं आणि ‘एमआरटीपी’च्या कलम ५३ची नोटीस येते.

म्हणून इंजिनिअर निवडताना “किती घेणार?” हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न, “लायसन्स चालू आहे का?” नकाशा एकाने काढायचा आणि सही दुसऱ्याची घ्यायची, हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची, आणि नोटीस मालकाला.

गावठाणाच्या बाजूची गोष्टही अशीच. २०२१ मध्ये ग्रामविकास मंत्री असताना आपल्या कागलच्या हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंत नगररचना विभागाच्या परवानगीची गरज नाही, असं जाहीर केलं. लोकांनी ऐकलं ते इतकंच. त्यातही १,६०० चौरस फुटांपर्यंत कागदपत्रं आणि नकाशा ग्रामपंचायतीला सादर करायचे आणि त्यापुढे ३,२०० पर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी घ्यायची, अशी विभागणी होती. कागद सुटले नाहीत, जायची कचेरी बदलली. शहरालगतच्या गावांत तर हेही तसंच्या तसं धरून चालत नाही. का, ते पुढे येईल.

साठ दिवसांचं घड्याळ

मोठ्या भूखंडाला, अपार्टमेंटला, बंगल्यांच्या स्कीमला रीतसर परवाना लागतो. इथे येतं कलम ४५. अर्ज दिल्यापासून साठ दिवसांत महापालिकेने किंवा प्राधिकरणाने हो-नाही कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो. हिलाच ‘मानीव परवानगी’ म्हणतात. वाचायला छान आहे. पण त्याच कलमात आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत, आणि त्या सांगायला कुणी थांबत नाही.

पहिली: कचेरीने तुमच्याकडे काही माहिती किंवा कागद मागितला, तर साठ दिवस मोजायचे ते तुमच्या उत्तराच्या तारखेपासून. म्हणजे अठ्ठावन्नाव्या दिवशी त्रुटीपत्र निघालं, ‘मोजणी नकाशाची प्रत जोडावी’, की घड्याळ परत शून्यावर. दुसरी: नकाशा नियमात काटेकोर बसत असेल तरच मानीव परवानगी. नियमाबाहेरचं काम मंजूर झालं असं मानायला कायदा तयार नाही. मग नियमात बसतो की नाही हे ठरवणार कोण? शेवटी तीच कचेरी.

मानीव परवानगीवर कायद्याने बांधता येतं, हे खरं. पण बँकेच्या टेबलावर गेलात की तिथला साहेब विचारतो, “बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र कुठाय?” साठ दिवस उलटल्याचं पंचांग दाखवून कर्ज मिळत नाही. त्यामुळे या तरतुदीचा खरा उपयोग सामान्य माणसाला परवाना मिळवून देण्यात कमी आणि कचेरीवर मुदतीचा दाब ठेवण्यात जास्त आहे. तसा दाब ठेवायला २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमही आहे. त्यात अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, मग दुसरं अपील, शेवटी आयोग, आणि कसूर करणाऱ्याला दंड. ही वाट फारसं कुणी का धरत नाही, हे उघड आहे. अपील जिंकून परत जायचं त्याच खिडकीवर, आणि जोत्याची तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र हे टप्पे अजून बाकी असतात.

नकाशे आता ऑनलाइन जमा होतात. समासातली अंतरं, चटईक्षेत्र (एकूण बांधकामाचं माप), पार्किंग संगणक तपासतो. तेवढी मानवी कृपा-अवकृपा कमी झाली, ही बारीक सुधारणा नाही. पण संगणक तपासतो ती रेघांची फाईल. सातबाऱ्यावर चुलतभावाची हरकत आहे, हे त्याला दिसत नाही.

जास्त मजले कशाच्या जोरावर?

वेग हा एक भाग झाला. दुसरा भाग उत्तेजनाचा: त्याच जमिनीवर जास्त घरं बांधू देणं. याचं माप म्हणजे एफएसआय, चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. गावठाणाच्या दाट वस्तीसाठी नियम वेगळे आहेत, ते बाजूला ठेवू. महापालिका हद्दीतल्या, पण गावठाणाबाहेरच्या भागाचा हिशोब धरू.

पाच गुंठे जागा घ्या, सोयीसाठी ५०० चौरस मीटर. मूळ एफएसआय १.१, म्हणजे ५५० चौरस मीटर बांधकाम तुमच्या हक्काचं. समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर नियमावलीच्या मूळ तक्त्यात इथेच थांबायचं. रस्ता नऊ मीटर झाला की मर्यादा दोनवर जाते: १,००० चौरस मीटर. रस्ता तीस मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर तीन: १,५०० चौरस मीटर. जागा तीच, मालक तोच. बदलला फक्त रस्ता.

मधला फरक फुकट मिळत नाही, तो विकत घ्यायचा असतो. त्याचा एक भाग सरकारला ‘प्रीमियम’ भरून, रेडीरेकनरमधल्या (सरकारी दरपत्रकातल्या) जमिनीच्या दराच्या ३५ टक्के या हिशोबाने. दुसरा भाग टीडीआर आणून. टीडीआर म्हणजे ज्याची जागा रस्त्यात किंवा आरक्षणात गेली त्याला पैशाऐवजी दिलेला बांधकामाचा हक्क, जो तो दुसऱ्याला विकू शकतो. कारखान्याने उसाचं बिल रोख न देता साखरेची पावती हातात ठेवावी आणि बाजारात विकून पैसे करा म्हणावं, त्यातलाच प्रकार. बाजार असेल तर पावतीला किंमत. पुण्यात ती चढी असते, लहान शहरात गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

याच्यावर आणखी एक थर आहे. पूर्वी बाल्कनी, जिना, लिफ्ट, पॅसेज यांतलं काय एफएसआयमध्ये धरायचं आणि काय सोडायचं, यावर रोजचे वाद व्हायचे, आणि वाद जिथे तिथे टेबलाखालचा व्यवहार. नव्या नियमावलीने जवळपास सगळंच धरलं आणि त्या बदल्यात निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत जादा ‘अनुषंगिक’ एफएसआय पैसे भरून घ्यायची मुभा दिली. हे मला या नियमावलीतलं सगळ्यात शहाणपणाचं कलम वाटतं. बंद केलेल्या बाल्कनीवरून सोसायट्यांत किती भांडणं झाली असतील!

पण याला निव्वळ सवलत म्हणायला जीभ रेटत नाही. सरकार आणि महापालिका जादा मजले विकतात, बिल्डर ते विकत घेतो आणि फ्लॅटच्या दरात लावतो. घरं वाढतात, हे खरं. स्वस्त होतातच, असं नाही.

कोल्हापुरात हा तक्ता घेऊन हिंडलात की शहराची रचनाच त्याच्या आड येते. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ, बोळाला बोळ लागलेला. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकाने मागे घ्यायची. राजारामपुरीत गल्ल्या आखीव आहेत, तिथे बरं आहे. बाहेरच्या उपनगरांत, जिथे शेतकऱ्याने पट्टे पाडून गुंठ्या-गुंठ्याने विकलं, तिथे रस्ता म्हणजे वीस फुटांची गल्ली, कधी पंधरा. नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. नियमावलीतली ती सगळी वाढीव मापं या गल्ल्यांच्या तोंडाशी येऊन थबकतात.

जुन्या पेठांतल्या वाड्यांची तऱ्हा आणखी निराळी. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांच्या नावाखाली बारा वारसांची नावं, त्यातली दोन मुंबईत, एक वारलेली, खाली भाडेकरूचं दुकान. वाडा पडायला झालाय, नियम पुनर्विकासाला अनुकूल आहेत, पण सही मिळत नाही. हक्कसोडपत्र आणि वाटणीपत्र यांना साठ दिवसांची मुदत कुठल्याच कायद्याने घातलेली नाही.

निळी आणि लाल

जुलै लागला की अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५, २०१९, २०२१ या तीन पुरांनी ते आकडे डोक्यात बसवले. घराच्या परवान्यात हाच पूर दोन रेषा होऊन येतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल. रेषा आखतो जलसंपदा विभाग, पाळायच्या त्या परवाना देणाऱ्याने.

नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंत नवं घर नाही. ते निषिद्ध क्षेत्र. तिथलं जुनं अधिकृत घर पाडून परत बांधायचं असेल तर अटींवर, आणि पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला घेऊन. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंचीवर. ही उंची जमिनीपासून नव्हे, पुराच्या पातळीपासून मोजायची. त्यामुळे सखल जागेत खाली नुसते खांब आणि पार्किंग, राहणं वर, अशीच इमारत बसते. साधं बैठं घर बांधू म्हणणाऱ्याचा खर्च इथेच वाढतो.

आणि इथे त्या चारचौघांतल्या दोन्ही समजुतींचं उत्तर आहे. दीड गुंठ्याची पावती घ्या नाहीतर साठ दिवस मोजा, निळ्या रेषेच्या आतल्या प्लॉटला दोन्हींचा उपयोग नाही. नियमात न बसणाऱ्या कामाला मानीव परवानगी नसते आणि इंजिनिअरची सहीही टिकत नाही. अनेकांना वाटतं की नियम सैल झाले म्हणजे पूररेषेचंही काहीतरी जमेल. ते जमू नये, अशीच माझी इच्छा आहे. २०१९ ला बोटीतून ज्यांना बाहेर काढलं, त्यांच्यातल्या कुणालाही विचारा.

हद्द संपते तिथे

कोल्हापूर महापालिका १९७२ ला झाली. तेव्हाचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, आजही तेवढंच. हद्दवाढीचे प्रस्ताव किती गेले आणि किती परत आले, मोर्चे दोन्ही बाजूंनी किती निघाले, त्याचा वेगळा इतिहास होईल. आपल्या विषयापुरतं एवढंच की शहराची हद्द थांबली, घरं थांबली नाहीत. ती उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडी, शिंगणापूरकडे गेली. राहणारा माणूस कोल्हापूरचा, पत्ता कोल्हापूरचा, केएमटीची बसही तिथवर जाते. परवाना मात्र कुणाचा?

२०१७ मध्ये याचं उत्तर म्हणून भोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. तेव्हापासून या गावांत बांधकामाचा परवाना प्राधिकरणाने द्यायचा. म्हणून वर म्हटलं की मुश्रीफांची ३,२०० फुटांची घोषणा इथे तशीच्या तशी धरू नका. या पट्ट्यात आधीच्या काळात ग्रामपंचायतीच्या एका ठरावावर, एका कच्च्या दाखल्यावर उभी राहिलेली घरं बरीच आहेत. घरफाळा भरतात, वीज-पाणी आहे, मतदार यादीत नाव आहे. फक्त विकायला काढलं किंवा मुलाच्या लग्नासाठी तारण ठेवायला गेलं की कळतं, घर कागदावर नाहीच.

याला मूळ आहे गुंठेवारीचं, म्हणजे शेतजमीन गुंठ्या-गुंठ्याने विकण्याचं. शेतजमिनीचे लहान तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. सध्याच्या प्रमाणभूत क्षेत्राप्रमाणे बागायत दहा गुंठ्यांपेक्षा आणि जिरायत वीस गुंठ्यांपेक्षा कमी विकता येत नाही. कोल्हापूरभोवतीची जमीन म्हणजे ऊस, म्हणजे बागायत. पण घर हवं असणाऱ्याला परवडतो एक गुंठा. मग स्टॅम्प पेपरवर साठेखत, नोटरी, किंवा दहा जणांनी मिळून दहा गुंठे घ्यायचे आणि आपापसांत वाटून खायचे. कायदा शेती वाचवायला केला, पण गरज त्याच्या कुंपणाखालून वाट काढत गेली.

सरकारने या व्यवहारांपुढे पायरी-पायरीने हात टेकले. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. तुकड्यांचं नियमितीकरण २०१७ च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून सुरू झालं, २०२४ ला ती पाच टक्क्यांवर आली, २०२५ च्या अध्यादेशाने शहरी व विकास योजनांच्या भागातल्या जुन्या तुकड्यांवरचं शुल्कच काढून टाकलं. गरीब खरेदीदाराच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण ज्याने तेव्हा नियमाप्रमाणे रेखांकन मंजूर करून, १० टक्के खुली जागा सोडून, रस्ते करून प्लॉट विकले, त्याने कुणाकडे बघायचं? आणि व्यवहार नियमित झाला म्हणून गल्ली वीस फुटांची तीस फूट होत नाही. अग्निशमनची गाडी आत येताना तिला अध्यादेश वाचता येत नाही.

बिगरशेतीचं, म्हणजे एन.ए.चं काम मात्र खरोखर सोपं झालं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ४२-ब, ४२-क, ४२-ड घातल्यापासून, मंजूर विकास योजनेतल्या किंवा गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला वेगळी अकृषिक परवानगी काढत बसावं लागत नाही. ठरलेली रक्कम भरली, चलन जोडलं की झालं. जमीन भोगवटादार वर्ग एक, म्हणजे विकायला सरकारची परवानगी न लागणारी, असेल तर. वर्ग दोन, वतनाची किंवा देवस्थान इनामाची असेल तर आधी त्याचं निस्तरा, आणि अंबाबाईच्या या गावाच्या आसपास देवस्थानच्या जमिनी थोड्या नाहीत.

वेगाच्या उलट दिशेने काम करणारा एक कायदाही लक्षात ठेवावा. रेरा. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारा हा कायदा केंद्राचा, २०१६ चा. महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण, महारेरा, मे २०१७ पासून. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. गिऱ्हाइकाकडून घेतलेले ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात, करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ नाही. यामुळे बिल्डरची गाडी जरा सावकाश निघते, आणि निघू दे. अर्धवट सांगाडे उभे राहण्यापेक्षा ते बरं. फक्त पाच गुंठ्यांच्या आतल्या किंवा आठ फ्लॅटच्या लहान स्कीम रेरातून सुटतात, आणि उपनगरांत तशा लहान स्कीम भरपूर. तिथे सगळी तपासणी घेणाऱ्याने स्वतः करायची.

राहिलं राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण. २० मे २०२५ ला मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं, ‘माझे घर, माझे अधिकार’ या नावाने. २००७ नंतरचं पहिलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक असे आकडे त्यात आहेत. धोरण म्हणजे कायदा नव्हे. ते सरकारने स्वतःला सांगितलेलं काम असतं. त्यातून नियमावलीत किती कलमं बदलतात, यावर त्याचं खरं वजन ठरेल.

एक कलम कोल्हापूरकरांनी मुद्दाम बघण्यासारखं आहे. नियमावलीत सर्वसमावेशक घरांची तरतूद आहे: ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पात २० टक्के घरं आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी. पण ती लागू आहे दहा लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६. पुण्यात बिल्डरला जी लहान घरं ठेवावी लागतात, ती इथे ठेवावी लागत नाहीत. जादा एफएसआय मात्र इथेही मिळतो. बाजार समितीत हमाली करणारा, उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस त्यामुळे फ्लॅटकडे न वळता पुन्हा एका गुंठ्याकडेच वळतो. त्याने तो गुंठा दाखवणाऱ्याला इतकंच विचारावं: रेखांकन मंजुरीचा क्रमांक आणि तारीख काय, समोरचा रस्ता नकाशावर किती मीटर आहे, आणि निळी रेषा इथून कुठे जाते. तिन्हींची उत्तरं कागदावर मागावीत, इसार द्यायच्या आधी.